कापूस गेला त्या वर्षीचा सप्ताह: पैसा कुठे लावावा, कुठे हात आवरावा

पीक हाती आलेलं असलं की अखंड हरिनाम सप्ताह हा गावाचा सण असतो. लेकी-जावई येतात, मंडप सजतो, काल्याला चार गावं जेवतात. पण बोंडअळीनं कापूस पोखरला, मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीबागा एका रात्रीत आडव्या झाल्या, एखाद्या घरातल्या कर्त्या माणसानं जीव दिला, दोन आळ्यांमध्ये डोकी फुटली, की त्याच सप्ताहाकडे गाव वेगळ्या आशेनं बघतं. कुणीतरी जाणत्या माणसानं यावं, सात दिवस बसावं आणि विस्कटलेली घडी बसवावी. ही सेवा त्या कामाची आहे का, ती कशी ठरवावी, तिच्यातलं काय ठेवावं आणि काय सरळ काढून टाकावं, याचं हे परीक्षण. दोन-अडीच हजार वस्तीचं खानदेशी गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. सप्ताहाचा जीव दोन गोष्टींत आहे: सातही दिवस गावात मुक्कामाला असणारे महाराज आणि रात्रीचा पहारा, म्हणजे पाळीपाळीनं वीणा गळ्यात घेऊन नाम अखंड चालू ठेवणं. या दोन्हींना पैसा सगळ्यात कमी लागतो. संध्याकाळी गाडीतून येऊन कीर्तन झालं की निघून जाणारे नामवंत कीर्तनकार, मंडप, लायटिंग आणि साउंड यांना सगळ्यात जास्त. वाईट वर्षी कमिटी बसते तेव्हा कात्री नेमकी उलटी चालते. मुक्कामी महाराजांऐवजी गावातल्याच कुणाला तरी पारायणाला बसवतात, पहारा "जमेल तसा" ठेवतात आणि मोठ्या नावाच्या कीर्तनकाराची तारीख मात्र सोडत नाहीत, कारण गर्दी त्यांच्या नावावर जमते. गर्दी जमते हे खरं. ती रात्री अकराला पांगते, हेही तितकंच खरं.

मुक्कामी महाराज

पत्रिकेवर यांचं नाव "व्यासपीठ चालक" म्हणून खालच्या ओळीत बारीक अक्षरांत छापतात. सकाळी ७ ते ११ ज्ञानेश्वरीचं पारायण चालवणं, दुपारी ४ ला प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, आणि बाकी सगळा वेळ गावात असणं, हे त्यांचं काम. शेवटचं काम कुठेच लिहिलेलं नसतं, आणि अडचणीच्या वर्षी सगळ्यात मोलाचं तेच ठरतं. दुपारी १२ ते ३ या वेळात मंदिराच्या ओट्यावर महाराज पान लावत किंवा पोथी चाळत बसलेले असतात, तेव्हा एकेक माणूस येतो. आधी पाया पडतो, मग हवापाण्याचं बोलतो, मग थांबतो. त्या थांबण्यानंतर जे बोलणं होतं ते कीर्तनात कधी होत नाही. सावकाराचे किती, बँकेचे किती, भावानं बांध कोरला, पोरगी घरातून निघून गेली.

म्हणून महाराज निवडताना "आवाज कसा आहे" याच्याआधी "दुपारी काय करतात" हे विचारा. त्यांनी आधी सप्ताह केलेल्या दोन गावांना फोन लावा, पण कमिटीच्या अध्यक्षाला नको. मंदिराजवळच्या चहावाल्याला किंवा स्वयंपाक करणाऱ्या बायांना विचारा. जे महाराज दुपारभर खोलीचं दार लावून झोपतात किंवा मोबाइलवर पुढच्या तारखा ठरवत बसतात, ते कितीही विद्वान असले तरी या वर्षी तुमच्या कामाचे नाहीत. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढली. तिथून शिकून आलेल्यांचं पाठांतर पक्कं असतं, प्रमाणं, म्हणजे संतवचनांचे दाखले, ओठांवर असतात. तो मोठा फायदा आहे. पण ऐकून घेण्याची सवय वेगळी असते, ती प्रत्येकाची पारखूनच घ्यावी लागते.

बोलीचाही विचार करा. अमळनेर, पारोळा, धुळे, साक्रीकडे अहिराणी, रावेर-यावल-भुसावळकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली. पारायण प्रमाण भाषेत होणारच, पण म्हातारीला "कसं काय शे माय?" असं विचारणारे महाराज आणि "आपण कसे आहात?" विचारणारे महाराज यांच्यापुढे तीच म्हातारी वेगवेगळं बोलते. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आतले महाराज घ्यावेत. बोली जुळते, आणि सप्ताह संपल्यावर बोलावलं तर येता येतं.

मानधन साधारण १५ ते २० हजारांत सात दिवस ठरतं. ते आधी ठरवा आणि पाचव्या दिवशी हातात द्या. काल्याच्या गडबडीत पाकीट राहून जातं, मग महाराज मागत नाहीत आणि पुढच्या वर्षी येतही नाहीत.

पारायणात एक नेहमीचा घोळ होतो. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय आणि सात दिवस, म्हणून कमिटी रोज अडीच अध्याय असा सरळ भागाकार करते. अध्याय काही सारखे नाहीत. पहिला पावणेतीनशे ओव्यांच्या आसपास आहे, तेरावा अकराशेच्या वर आणि अठरावा एकटाच अठराशेच्या वर. अध्याय मोजून वाटणी केली की पहिले दिवस निवांत जातात आणि शेवटी वाचणाऱ्यांची धाप लागते. पसायदानापर्यंत पोचताना कुणालाच काही कळलेलं नसतं. एकूण ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर आहेत. रोजच्या तेराशे धरा आणि अध्यायाच्या मध्ये थांबायला लाजू नका. अठरावा मात्र शेवटच्या दोन सकाळींत विभागलाच पाहिजे. वाचायला बसणाऱ्यांत या वर्षी नवी माणसं येतात, ज्यांना वाचनापेक्षा बसण्याची गरज आहे. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांच्या पाच-सात प्रती मागवून ठेवा. घाईनं वाचणाऱ्यांच्या रांगेत त्यांना बसवू नका, कडेला महाराजांच्या नजरेसमोर बसवा.

चौदा जेवणं

सात दिवसांत महाराजांची चौदा जेवणं गावातल्या घरांत होतात आणि तितक्याच वेळा चहा. ही चौदा घरं कोणती, हा सप्ताहातला सगळ्यात मोठा निर्णय आहे आणि तो बहुतेक गावांत पाच मिनिटांत उरकतो: सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दोन मोठे बागायतदार, मंदिराचे पुजारी. त्या घरांना महाराजांची गरज नसते, मान हवा असतो.

यातली निम्मी जेवणं या वर्षी ज्यांच्यावर वेळ आली आहे त्या घरांना द्या. जिथे वर्षभरात अकाली मरण झालं ते घर. ज्याच्याशी अर्धं गाव बोलत नाही ते घर. वस्तीच्या टोकाचं, जिथे पत्रिकाही उशिरा पोचते ते घर. आपल्याकडे मयताच्या दारावर बसायला जातात; दहावं-तेरावं झालं की लोक येणं बंद होतं आणि खरा एकटेपणा तिथून पुढे सुरू होतो. चार महिन्यांनी महाराज त्या दारात जेवायला आले की शेजारीपाजारी आपोआप येतात, चूल पेटते, मुलं पाणी भरतात, आणि त्या घराकडे बघण्याची गावाची नजर बदलते.

शिध्याचं अवघड असतं. अशा घराला जेवण झेपत नाही आणि ते सांगतही नाहीत. आदल्या रात्री दोन किलो गहू, अर्धा किलो तुरीची डाळ, तेल, गूळ आणि भाजी कमिटीकडून पोचवा, तेही पोराच्या हातून मागच्या दारानं. महाराजांना सांगून ठेवा की ताटात भाजी-भाकर आली तरी आनंदानं वाढून घ्या. सोबत चारच माणसं जावीत. दहा माणसांचा घोळका गेला की त्या बाईचा सगळा दिवस धास्तीत जातो.

जेवणाची यादी करताना जात आणि वस्ती बघून घरं गाळली जातात, हे सांगायला नकोच. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केलं होतं. त्या खानदेशात महाराजांचं ताट कोणत्या आळीत जात नाही हे आजही मोजता येतं. धर्माच्या माणसानं गाव शांत ठेवायचं म्हणजे अन्याय झाकून ठेवायचा, असं कुणी समजत असेल तर ते चूक आहे. जे महाराज "त्या बाजूला नको" म्हणतील त्यांना मानधन देऊन परत पाठवा; दुसरे मिळतात.

आत्महत्या झालेल्या घरी जाण्याआधी महाराजांशी दहा मिनिटं स्पष्ट बोलून घ्या. "पाप केलं", "आत्म्याला गती नाही" हे शब्द त्या घरात निघता कामा नयेत. कसं केलं, कुठे केलं हे विचारू नये. प्रवचनात त्या माणसाचं उदाहरण घेऊ नये, कौतुकानंही नाही आणि धाक म्हणूनही नाही. आणि कुणी ओट्यावर येऊन "मला जगावंसं वाटत नाही" म्हणाला, तर नामस्मरण सांगून त्याला एकटं घरी पाठवू नये. सोबत माणूस द्यावा, घरातलं कीटकनाशक शेजाऱ्याकडे हलवावं, आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक तिथेच लावून द्यावा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक महाराजांच्या पोथीत चिठ्ठीवर लिहिलेला असावा.

रात्रीचं कीर्तन

आठ कीर्तनं असतात, सात रात्रीची आणि आठव्या दिवशीचं काल्याचं. पंचक्रोशीतले चांगले कीर्तनकार तीन ते पाच हजार आणि गाडीखर्चात येतात. म्हणजे आठही कीर्तनं तीस-पस्तीस हजारांत बसतात. नामवंतांचं एकच कीर्तन पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जातं. हा हिशोब कमिटीपुढे फळ्यावर खडूनं लिहून दाखवावा, तोंडी सांगून पटत नाही. मृदंगाचार्य आणि गायनाचार्य मात्र सात दिवसांसाठी चांगलेच घ्या. वक्ता मध्यम असला तरी टाळ-मृदंगाचा ठेका पक्का असेल तर माणूस बसून राहतो, आणि बसून राहण्यातच अर्धं काम होतं. वैशाख-चैत्रातल्या सप्ताहात पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक खानदेशच्या उन्हात तासाभरात कडक होते आणि आवाज पत्र्यासारखा निघतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा दुसरा गोळा मृदंग्याजवळ ठेवायचा, एवढंच. पण हे कुणी बघत नाही आणि दुसऱ्या अभंगापासून कीर्तनाचा रंग उतरतो.

वेळ ८ ते १० ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम आहे. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, ती कोणत्या दिवशी हे जिल्हाधिकारी ठरवतात, त्या भरवशावर पत्रिका छापू नका. पहाटेचा काकडा बिगरस्पीकरचाच करावा लागतो, आणि तसाच तो गोड लागतो.

दहाला संपवायचं तर सत्कार बंद करावे लागतील. वीस शाली, वीस नारळ, प्रत्येकी दोन मिनिटं, चाळीस मिनिटं तिथेच गेली. मग कीर्तनकार मंगलाचरण आटोपतात, निरूपणाचा अभंग अर्धा सोडतात आणि वेळ भरून काढायला विनोदाकडे वळतात. सगळे सत्कार काल्याच्या दिवशी एकदम, नावं न घेता.

विनोदाचं जपूनच बघा. सासू-सुनांवरचे, पळून गेलेल्या पोरींवरचे, बायकोच्या साडीवरचे विनोद मोबाइलवर लाखो लोक बघतात, पण ज्या गावात महिन्यापूर्वी एक पोरगी घर सोडून गेली आहे तिथे तोच विनोद पेट्रोल ठरतो. तिचा बाप मंडपात बसलेला असतो. नवस, गंडे, "अमक्या तिथीला पाऊस पाडतो" असल्या घोषणा आणि आजार बरा करण्याचे दावे तर व्यासपीठावर येऊच देऊ नयेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कीर्तन-प्रवचनाच्या आड येत नाही, असल्या दाव्यांच्या आड येतो.

कीर्तनकाराला दोन दिवस आधी फोन करा आणि व्यासपीठावर चढण्याआधी अर्ध्या पानाची चिठ्ठी हातात द्या. चिठ्ठीत चारच गोष्टी: या वर्षी गावावर काय ओढवलं, कोणत्या घराचा उल्लेख टाळायचा, कोणता वाद अजून कोर्टात किंवा पोलिसांत आहे, आणि कीर्तन कितीला संपवायचं. पक्षाचं नाव नको, हे वेगळं लिहा. चांगले कीर्तनकार ही चिठ्ठी मागून घेतात. चिठ्ठी बघून ज्यांच्या कपाळावर आठी पडते त्यांना पुढच्या वर्षी बोलावू नये.

गावात तेढ असेल तर ताटीच्या अभंगांवरचं कीर्तन लावा. तापीकाठी मेहूणला गुप्त झालेली मुक्ताई ही खानदेशची स्वतःची, तिचं नाव निघालं की मंडपातल्या म्हाताऱ्या सावरून बसतात. लोकांच्या बोलण्यानं दुखावून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला ती धाकटी बहीण समजावते, की जग रागानं आग झालं तरी संतानं पाणी व्हावं. भांडणाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी ऐकवता येईल असं याहून नेमकं निरूपण नाही, कारण कुणाचं चुकलं याचा निवाडा त्यात येतच नाही. आधी दार उघड, एवढंच मागणं आहे. ज्यांना या अभंगांचं पाठांतर आहे असे कीर्तनकार शोधून तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री ठेवा. पहिल्या रात्री दोन्ही बाजू येत नाहीत आणि शेवटच्या रात्री त्याचा उपयोग करून घ्यायला दिवस उरत नाहीत.

पहारा

अखंड म्हणजे १६८ तास. वीणा गळ्यातून उतरून जमिनीला लागू द्यायची नाही, नाम थांबू द्यायचं नाही. दोन तासांचा पहारा धरला तर दिवसाला बारा आणि सप्ताहाला चौऱ्याऐंशी पहारे होतात. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि किमान दोन टाळकरी. म्हणजे अडीचशे नावं लागतात. दिवसाचे पहारे हां हां म्हणता भरतात. रात्री १२ ते ४ चे दोन पहारे रिकामे राहतात, आणि सप्ताह तिथेच तुटतो: वीणा खुंटीला टांगलेली, टेपरेकॉर्डरवर किंवा मोबाइलवर नाम चालू, आणि पहारेकरी सतरंजीवर घोरतोय.

आमच्या मते हे दोन पहारे पूर्ण सप्ताहापेक्षा महत्त्वाचे आहेत. कर्जाच्या विचारानं ज्याला झोप लागत नाही तो माणूस रात्री दोनला कुठे जाईल? पारावर बसला तर लोक विचारतील. शेताकडे निघाला तर घरच्यांचा जीव उडेल. मंदिरात दिवा जळतोय, तीन माणसं जागी आहेत, टाळ हळू वाजतोय. तिथे जाऊन बसायला कारण लागत नाही. तो बसतो. तासाभरानं कुणीतरी टाळ त्याच्या हातात देतो. एवढंच होतं, आणि पुष्कळदा ती रात्र निघायला तेवढं पुरतं.

वीणा देण्याची रीत नव्या पोरांना पहिल्या दिवशीच दाखवा. येणारा समोर उभा राहतो, वीणेकऱ्याच्या पाया पडतो. वीणेकरीही त्याच्या पाया पडतो, वय बघत नाहीत. मग एकाच्या गळ्यातला पट्टा थेट दुसऱ्याच्या गळ्यात जातो, दोघांच्याही तोंडात नाम तेच, तार एकाच्या बोटाखालून दुसऱ्याच्या बोटाखाली. अबोला धरलेल्या दोन घरांतली माणसं मुद्दाम पाठोपाठच्या पहाऱ्यांना लावून बघा. बोलायची सक्ती नाही, समजूत नाही, मध्यस्थ नाही. पण वीणा खाली ठेवता येत नाही, म्हणून ती त्याच्याच गळ्यात घालावी लागते.

रात्रीच्या पहाऱ्याला एक पोक्त माणूस आणि दोन तरुण अशी जोडणी ठेवा. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेलेले वारकरी जवळपास प्रत्येक गावात निघतात, त्यांना शिस्त शिकवावी लागत नाही. पोक्त माणूस त्यांच्यातलाच घ्या. रात्री १ ला चहाचा थर्मास आणि थंडीत एक शेगडी, एवढा खर्च. दिवसाच्या पहाऱ्यांत बायकांच्या गळ्यात वीणा द्यायला कुरकुर होते. मुक्ताईच्या मुलखात ती कुरकुर ऐकून घेऊ नये. पहाऱ्याचा तक्ता आळीनुसार फळ्यावर लिहावा. मुक्कामी महाराजांनी सातपैकी दोन रात्री तरी २ च्या पहाऱ्याला येऊन बसावं, हे मानधन ठरवतानाच बोलून घ्या.

दिंडी

काल्याच्या सकाळी दिंडी गावातून फिरते आणि तणावाच्या वर्षी पोलीस पाटलाचा जीव टांगणीला लागतो. हे काम पोलिसांवर सोडू नये. आठवडाभर आधी महाराज, मशिदीचे मौलाना, पोलीस पाटील आणि दोन्ही बाजूंची दोन-दोन वडीलधारी माणसं यांनी मार्ग पायी चालून बघावा. कुठे किती वेळ थांबायचं, फुगडी कुठे, पावली कुठे, हे ठरवावं. काला शुक्रवारी येत असेल तर दुपारी एकच्या आत दिंडी मंदिरात परतली पाहिजे. डीजे नाही, फक्त टाळ-मृदंग. डीजे आला की दिंडीची सूत्रं महाराजांच्या हातातून सुटतात आणि पोरांच्या हाती जातात.

जळगावात अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला कार्तिकी एकादशीचा रामरथ भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथे चादर चढते. दोन साधू पुरुषांच्या स्नेहाची ती खूण आहे, आणि एवढ्या वर्षांत कितीतरी वाईट काळ येऊन गेले तरी ती मोडली नाही. गावपातळीवर एवढं मोठं काही करायची गरज नाही. मशिदीसमोर पाण्याचे दोन माठ मौलानांच्या हातून, आणि काल्याचा प्रसाद महाराजांच्या हातून, इतकं पुरतं. मात्र दोघं समोरासमोर आले पाहिजेत. प्रतिनिधी पाठवले तर लोकांच्या ते लगेच लक्षात येतं.

जेवणावळ

वाईट वर्षी रोजची जेवणावळ बंद करून फक्त काल्याचा भंडारा ठेवला तरी चालतं. पंचपक्वान्न नको, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. शंभर माणसांना १८ ते २० किलो रवाळ दळलेला गहू, त्यातच किलो-दीड किलो मका, तुरीची डाळ ६ ते ७ किलो, वांगी १५ किलो धरा. पिठात ओवा, हळद, मीठ आणि मोहन. गोळे खळखळ उकळत्या पाण्यातच सोडायचे. आधण येण्याआधी सोडले तर तळाला बसून विरघळतात. सोडा जास्त पडला तरी फुटतात. एक गोळा सुरीनं कापून आतला कोरडा झाला का बघावा, मगच काप करून तळायला घ्यावेत. टंचाई असेल तर हजार माणसांमागे स्वयंपाक, पिणं आणि भांडी मिळून पाच हजार लिटरचा एक टँकर हवाच.

सप्ताहात एकादशी येत असेल तर भगरीला सांभाळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातल्याच एकादशीच्या भगर-आमटीनं शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावी लागली. सुटी भगर, आणि त्याहून भगरीचं तयार पीठ, घेऊच नये. पाकीटबंद, ताज्या तारखेची घ्यावी, निवडून धुवावी, केलेली दोन तासांत संपवावी. त्यापेक्षा केळी आणि शेंगदाणे द्यावेत. आपल्याकडे केळीला तोटा नाही, भाव पडलेल्या वर्षी बागायतदार स्वतःहून घड आणून टाकतो.

पंगतीत महाराज पहिल्या ओळीत जमिनीवर, सगळ्यांत मिसळून बसले पाहिजेत. आतल्या खोलीत टेबलावर वेगळं ताट लावलं की सात दिवसांचं निरूपण तिथे पुसलं जातं.

वर्गणी घरटी सारखी लावू नका. वर्षभरात मरण झालेल्या घराकडे मागायला जायचंच नाही, बाकीच्यांकडून धान्य दिलं तरी घ्यायचं. देणगीदारांची नावं आकड्यांसह माइकवर वाचली की न देऊ शकलेला माणूस उद्यापासून कीर्तनाला येत नाही, आणि सप्ताह ज्याच्यासाठी मांडला तोच बाहेर राहतो. हिशोब मंदिराच्या भिंतीवर दर तिसऱ्या दिवशी लावावा. मंडपाला पैसे नसतील तर सभामंडप आणि दोन ताडपत्र्या पुरतात. वीज महावितरणची तात्पुरती जोडणी घेऊनच; आकडा टाकून हरिनाम करू नये.

मोबाइलवर दिवसभर प्रवचनं ऐकायला मिळतात, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं तरुण पोरं विचारतात. ऐकायला ती चांगलीच असतात. पण मोबाइलवरचे महाराज तुमच्या दारात जेवायला येत नाहीत आणि त्यांना तुमच्या गळ्यातली वीणा घेता येत नाही.

या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव अशी की ती आठव्या दिवशी थांबते. मंडप सुटतो, महाराज जातात, आणि ओट्यावर मन मोकळं केलेल्या माणसाला नवव्या दिवशी त्याच बँकेची नोटीस येते. म्हणून खर्चातून दोन हजार रुपये वेगळे काढा आणि महिन्याच्या आत महाराजांची एक खेप ठरवा. कीर्तन नाही, पत्रिका नाही, सत्कार नाही. सकाळी यावं, चौदापैकी सात घरी चहा घ्यावा, दुपारी ओट्यावर बसावं, संध्याकाळच्या एसटीनं जावं. ही तारीख काल्याचा प्रसाद वाटायच्या आधी फळ्यावर लिहून ठेवा, नंतर कुणाला सवड होत नाही.